यंत्राचा निवाडा

शके एकोणीसशे पस्तीस, माघ शुद्ध सप्तमी, गुरुवार. इंग्रजी गणनेने सहा फेब्रुवारी दोन हजार चौदा. स्थळ: रत्नागिरी जिल्ह्यात मुचकुंदी नदी समुद्राला मिळते त्या खाडीच्या काठी, आमच्या राहत्या घराची पश्चिमेकडील पडवी. वेळ: दुपारची जेवणे आटोपल्यापासून चार वाजेपर्यंत. उपस्थित: माझी थोरली बहीण सुलोचना, जिला सारे घर आक्का म्हणे, धाकटा भाऊ रत्नाकर, माझी पत्नी इंदुमती, आणि मी, दिगंबर. यांखेरीज पडवीत एक यंत्र होते, आणि वाद त्याच्याविषयीच होता.

हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे ते यंत्र गुडघ्याएवढ्या उंचीचे, करड्या रंगाचे, चाकांवर सरकणारे होते. त्याच्या अंगावरच्या बाटलीत पाण्याचे बुडबुडे अखंड फुटत असत. आणि तो आवाज, खाली धक्क्याच्या चिऱ्यांना लागणाऱ्या भरतीचा आवाज आणि परसातल्या मोहोरलेल्या आंब्यावरची मधमाश्यांची गुणगुण ही एकमेकांत अशी मिसळून जात, की थोडा वेळ ऐकत बसले म्हणजे घर जागचे सुटून हलकेच खाडीत सरकू लागले आहे असे वाटावे. उन्हे कलली की पाण्यावरचे कवडसे पडवीच्या वाशांवर चढून थरथरत. उशांच्या उतरंडीला टेकून, नाकात नळी घालून आक्का त्यांच्याकडे पाहत असे. तिचे डोळे उघडे असताही ती जागी आहे असे खात्रीने सांगता येत नसे.

"दिगू," ती म्हणाली, "लाँच कुठवर आली रे?"

"लाँच बंद होऊन किती वर्षं झाली, आक्का. आता पूल आहे."

"पूल आहे तो खराच. पण आवाज येतोय."

"तो मशीनचा."

"मशीनचा आहे हे मला ठाऊक आहे. तरी लाँच कुठवर आली ते सांगायला तुझं काय जातं?"

मी पाण्याकडे पाहिले. पाण्यावर एक बगळा सोडून काही नव्हते.

"मधोमध," मी म्हणालो.

"हां. मग पडते थोडी," असे म्हणून तिने डोळे मिटले.

यंत्र मंगळवारी आले होते. रत्नागिरीत रुग्णांना लागणाऱ्या सामानाचे दुकान चालवणारा इक्बाल सोलकर ते आपल्या टेंपोतून स्वतः घेऊन आला. हा इक्बाल मूळचा आमच्याच गावचा. चौथीला आक्काच्या हाताखाली शिकलेला. चाळिशी उलटून केस पांढरे झाले तरी पडवीची पायरी चढताना त्याने सवयीने चपला उंबऱ्यापासून चार हात दूर काढल्या.

"बाई, दोन दिवस वापरून बघा," तो म्हणाला. "गुरुवारी चारला येतो. भाड्याने ठेवायचं असेल तर हेच ठेवा. विकत घ्यायचं तर खोक्यातलं नवंकोरं आणून देतो. मला काही घाई नाही."

"तुझी घाई मी ओळखते. बेरीज करायच्या आधी उत्तर लिहून मोकळा व्हायचास."

"म्हणून तर दुकान काढलं, बाई. मास्तर झालो असतो तर गावातल्या पोरांचं काय झालं असतं?"

आक्का हसली, हसताना तिला धाप लागली, आणि धाप लागताच इक्बाल खाली वाकून उगीचच यंत्राचे बटण न्याहाळू लागला.

आता, प्रश्न वस्तुतः सोपा होता. थोडे दिवस लागणारी वस्तू भाड्याने आणावी, पुष्कळ दिवस लागणारी विकत घ्यावी, हे सांगायला शास्त्र लागत नाही. म्हणजे सारा निर्णय एकाच गोष्टीवर ठरत होता. आणि ती गोष्ट घरात केवळ आम्हां दोघा भावांना माहीत होती. आदल्या शनिवारी रत्नागिरीच्या डॉक्टरांनी आक्काला बाहेर बसवून आम्हांला आत बोलावले होते. "फुप्फुसं आतून निबर होत चालली आहेत," ते म्हणाले होते. "मशीनने त्रास कमी होईल, आजार नाही. चार महिने धरा. पाचवा मिळाला तर मिळाला म्हणायचं."

दवाखान्याच्या आवारात बदामाच्या झाडाखाली रत्नाकरने माझा दंड धरला. "दादा, हे तिला कळता कामा नये. वहिनीलाही नाही. आणि तुझं तोंड म्हणजे आपल्या घराची सताड उघडी खिडकी. शब्द दे."

मी शब्द दिला. तो देताना मला फारसे जड गेले नाही, कारण डॉक्टरांचे म्हणणे मला मान्यच नव्हते. भूमापन खात्यात छत्तीस वर्षे मी साखळी ओढली होती. शेतात पाय न घालता कचेरीत बसून काढलेल्या नकाशावर माझा कधी विश्वास बसला नाही. डॉक्टर आक्काला वीस मिनिटे ओळखत होते, मी सहासष्ट वर्षे. माझी आई मी सात वर्षांचा असताना गेली, तेव्हा चौदा वर्षांच्या आक्काने मला आणि दुपट्यातल्या रत्नाकरला वाढवले. पुढे तिचे लग्न झाले, दीड वर्षात ती विधवा होऊन परत आली, शाळेत लागली, आणि आमच्या घराचा कणा होऊन बसली. असा कणा चार महिन्यांत मोडतो हे मी कशावरून मानावे? मला यंत्र विकत घ्यायचे होते. दहा वर्षे चालणारे, नवेकोरे, आपले स्वतःचे. रत्नाकर मात्र जन्मभर कोल्हापूरला वीज मंडळात मीटरचे आकडे वाचत आलेला. आकड्याशी हुज्जत घालायची नसते असे त्याचे मत. त्याला यंत्र भाड्याने हवे होते.

गुरुवारी जेवणे झाल्यावर स्वयंपाकघराच्या मागच्या दारी आम्ही दोघे याच विषयावर कुजबुजत होतो. कुजबुजणे हे आमच्या घराण्याला साधणारे काम नव्हे. दोन वाक्यांत आवाज चढला.

"कसली रे खलबतं?" पडवीतून आक्काचा आवाज आला. मधे एक श्वास; मग पुन्हा: "दोन बाजू असतील तर इकडे या. अण्णांचं घर आहे हे."

इथे अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, रीत सांगणे अवश्य आहे. अण्णा राजापूरच्या कोर्टात शिरस्तेदार होते. तीस वर्षे वकिलांची भाषणे ऐकून त्यांचे असे ठाम मत झाले होते, की माणूस आपल्याला हवे ते मिळवण्यासाठी बोलू लागला की त्याची बुद्धी त्याची बटीक होते. म्हणून घरात त्यांनी उलटा कायदा केला. दोघांत मतभेद झाला, तर दोघांनी प्रथम आपापली इच्छा उघड सांगायची, आणि मग प्रत्येकाने आपल्या इच्छेच्या विरुद्ध बाजू मांडायची; तीही जीव ओतून, कारण मुद्दा चोरणाऱ्याला ते जेवायला वाढू देत नसत. ऐकणारा तिसरा तो मध्यस्थ. त्याचा निवाडा अखेरचा. आई गेल्यापासून मध्यस्थ आक्का. म्हैस विकावी की नाही, फणस तोडावा की नाही, रत्नाकरने कोल्हापूरची नोकरी धरावी की नाही, सारे याच रीतीने ठरले. माझे लग्नसुद्धा. मला इंदुमती मनापासून पसंत होती. अर्थातच तिच्या विरुद्ध बोलण्याचे काम माझ्याकडे आले.

"यांनी माझ्याविरुद्ध अकरा मुद्दे काढले होते," इंदू आल्यागेल्याला सांगत असे. त्या दुपारीही आम्ही पडवीत येऊन बसलो, तशी ती चौकटीला टेकून म्हणाली, "सातवा मुद्दा, मुलगी चालताना डावा खांदा किंचित पुढे काढते. आता मशीन तरी सरळ चालतं का बघा!"

"इंदू, गो," आक्का म्हणाली, "अकरा मुद्दे काढायला मुलीला किती वेळ बघत बसला असेल तो! म्हणून तर तुझ्या बाजूने निवाडा दिला मी."

"वन्सं, तुम्ही त्या दिवशी झोपला असतात तर मी आज रत्नागिरीच्या बंगल्यात असते," असे म्हणत इंदू हसत आत गेली. पण जाता जाता तिने रत्नाकरच्या चेहऱ्याकडे एकवार पाहिले, आणि तिचे हसू चौकटीपाशीच राहिले.

आक्काने पदर सावरला. नळी नाकाशी नीट बसवली. मग ती अण्णांसारखी ताठ बसण्याचा प्रयत्न करू लागली. उशा मागे सरकल्या, मी त्या लावून दिल्या.

"विषय?"

"मशीन," मी म्हणालो. "भाड्याने ठेवायचं की विकत घ्यायचं."

"इच्छा सांगा."

"विकत."

"रत्या?"

रत्नाकर जमिनीकडे पाहत होता. "भाड्याने," तो म्हणाला.

आक्काने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. "तू? मुलीच्या लग्नाला मांडववाल्याशी भांडून ज्याने शंभर खुर्च्या विकत घेतल्या, तो तू?"

"माळ्यावर आहेत अजून. कुणाला हव्या असतील तर सांग."

"असो. बदला बाजू."

मी खरे तेच सांगतो: त्या क्षणी मला आनंद झाला. रत्नाकरने, आकड्यापुढे मान तुकवणाऱ्या त्या रत्नाकरने, आता यंत्र विकत घेण्याच्या बाजूने, म्हणजे आक्का पुष्कळ जगणार या बाजूने बोलायचे होते. त्याला चांगली अद्दल घडत आहे असेच मला वाटले. स्वतःच्या वाट्याला काय आले आहे याचा विचार मी केलाच नव्हता. जन्मभर आपण काटेकोर आहोत असे समजणाऱ्या माणसाची ही चूक होती, आणि ती अण्णांच्या घराबाहेर कोणाच्या हातून झाली नसती.

रत्नाकर बोलू लागला. प्रारंभी त्याने यंत्राची हमी, त्याचे आयुष्य, नव्या यंत्राचा कमी आवाज असे मुद्दे वीज मंडळाच्या थाटात मांडले. आक्का डोळे मिटून ऐकत होती.

"हे झालं यंत्राचं," ती म्हणाली. "माणसाचं बोल. तीन वर्षांची हमी म्हणतोस. तीन वर्षं मी काय करणार ते सांग."

त्याने खाडीकडे तोंड वळवले आणि पाण्याला सांगावे तसा सांगू लागला. या पाडव्याला आक्का इथेच असेल. पण पुढच्या दिवाळीला तो तिला कोल्हापूरला नेईल. गाडीतल्या विजेवर चालणारे छोटे मशीन मिळते, ते तो घेईल. आंबा घाट चढताना थांबत थांबत जायचे. रंकाळ्याच्या काठी संध्याकाळी खुर्ची टाकायची—

"तुझ्या त्या शंभरांतली?"

"त्यांतलीच. कणसं भाजणारी बाई असते तिथे. तिच्याजवळच टाकीन."

"माझ्या अंगावर काय आहे?"

"काय?"

"नेसले काय आहे मी, त्या वेळी?"

रत्नाकरने वाद सोडला नाही. "तुझं ते मोरपिशी. बारीक किनारीचं. शाळेच्या बक्षीस समारंभाचं."

"विरलंय ते."

"नवं घेऊ. तसंच."

"बरं. मग?"

मग वर्ष संपायच्या आत त्याच्या मुलीला मूल होईल. बाळाला आक्का मांडीवर घेईल. ते नळीला हात घालील, आणि सगळे त्याला ओरडतील, एकटी आक्का ओरडणार नाही. तिसऱ्या वर्षी ते शाळेत जायच्या आधीच आक्का त्याला पाढे शिकवील, आणि ते ऑक्सिजनच्या बुडबुड्यांच्या तालावर बे एके बे म्हणेल. वाशांवरचे कवडसे खाली उतरून आक्काच्या पांघरुणावर आले होते. रत्नाकर बोलत राहिला, आणि आम्ही तिघे त्या तीन वर्षांत असे फिरून आलो, की यंत्राच्या बाटलीतले पाणी कमी झाल्याचे माझ्या ध्यानातही आले नाही. ज्याचा त्या तीन वर्षांवर काडीचा विश्वास नव्हता त्याने ती आम्हांला दाखवली. आणि मी, ज्याचा होता, त्याला त्यांतले एकही दृश्य आजवर सुचले नव्हते.

"छान बोललास," आक्का म्हणाली. तिने डोळे उघडले. "दिगू, तू."

मी उठून बाटलीत उकळून गार केलेले पाणी घातले. तेवढाच वेळ मिळाला. मग मी मुद्दे मांडले. खाडीकाठची हवा खारट, तिच्यात यंत्राचे सुटे भाग गंजतात. भाड्याचे यंत्र बिघडले तर बदलून मिळते. दरवर्षी नवी सुधारलेली यंत्रे निघतात. दुरुस्तीचा माणूस रत्नागिरीहून येणार. घरात जागा अडते.

"जागा अडते?" आक्का म्हणाली. "या एवढ्या पडवीत?"

"थोडी अडते."

"दिगू, हे सगळं फुटकळ झालं. मुख्य मुद्दा कुठे आहे?"

"हेच मुद्दे आहेत."

"इंदूविरुद्ध अकरा काढलेस. खांद्यापर्यंत गेलास. आणि मशीनविरुद्ध गंज?"

मी रत्नाकरकडे पाहिले. त्याने मान हलवली. अगदी थोडी, पण आक्काच्या डोळ्यांतून वर्गातल्या शेवटच्या बाकावरची खूणही कधी सुटली नव्हती.

"त्याच्याकडे काय बघतोस? माझ्याकडे बघ."

"आक्का, दमशील तू. आपण नंतर—"

"कोण आक्का?" ती म्हणाली. आवाज चढवण्याइतका श्वास तिच्यापाशी नव्हता, म्हणून तिने तो उतरवला. आणि तो उतरलेला आवाज अधिक भारी होता. "आजारी बाई तुझी बहीण असेल. ती तिकडे आत आहे असं समज. इथे मध्यस्थ बसलाय. मध्यस्थापासून पुरावा लपवायला अण्णांनी शिकवलं तुला?"

बुडबुडे फुटत होते. भरती धक्क्याच्या वरच्या चिऱ्यापर्यंत आली होती, आणि सारे पाणी इतके निवांत, इतके काठोकाठ भरलेले होते, की एक शब्द टाकला तरी ते सांडेल असे मला वाटले. दिलेला शब्द मोडणे हे पाप आहे, हे मला मान्य होते. पण विचारणाऱ्याला विचारण्याचा अधिकार असता गप्प बसणे हे त्याहून मोठे पाप नाही काय? या प्रश्नावर मी आजवर स्वतःशी पुष्कळ वाद घातला आहे. त्या दुपारी मात्र एवढेच लक्षात आले, की समोर बसलेल्या बाईने मला वाट करून दिली आहे. बहिणीला जे सांगता येत नव्हते, ते मध्यस्थाला सांगता येण्यासारखे होते.

मी उभा राहिलो. अण्णांपुढे उभे राहत असू तसाच, हात मागे बांधून.

"मध्यस्थांपुढे असे मांडतो," मी म्हणालो, "की ज्या व्यक्तीसाठी यंत्र घ्यावयाचे, तिला ते चार महिन्यांपलीकडे लागणार नाही."

रत्नाकरने कपाळावर हात मारला.

"मत कुणाचं?" आक्काने विचारले.

"डॉक्टरांचे."

"लेखी?"

"तोंडी."

"साक्षीदार?"

"रत्नाकर."

"चारच? वरती काही नाही?"

"पाचवा मिळाला तर मिळाला, असे शब्द होते."

"तेही सांगायचं. अर्धी साक्ष देऊ नये." तिने श्वास घेतला. "पक्षकाराचं स्वतःचं मत काय? म्हणजे तुझं?"

"मला ते मान्य नाही."

"का?"

मी तोंड उघडले. ज्याला जन्मात कधी कारण कमी पडले नाही त्या माझ्यापाशी कारण नव्हते. शेत, नकाशा, साखळी, सारे कुठल्या कुठे गेले होते.

"मला नको आहे म्हणून," मी म्हणालो.

"याला मत म्हणत नाहीत, दिगू. इच्छा म्हणतात. ती तू सुरुवातीलाच सांगितलीस." ती रत्नाकरकडे वळली. "साक्षीदार, हे खरं?"

रत्नाकर उठून पायरीपाशी गेला होता. आमच्याकडे पाठ करून, खांबाला धरून तो उभा होता. "खरं," तो म्हणाला.

"तुला आणखी काही म्हणायचंय?"

"मला काही म्हणायचं नाही. मला याचं थोबाड फोडायचंय."

"ते वाद संपल्यावर. वाद चालू असताना हात उचलायचा नाही." तिने उशीवर मान टेकली. "निकाल राखून ठेवते. जरा पडू दे मला."

आणि ती खरोखरच झोपली. एवढे ऐकून माणूस झोपू कसा शकतो, असे कोणी विचारील. मीही तेव्हा मनात विचारले. पण पुष्कळ दिवस कडी लावलेल्या खोलीची कडी कोणी काढावी आणि आतली हवा बाहेर यावी, तसा तिचा चेहरा सैल झाला होता. शनिवारपासून आम्ही तिच्यापुढे जे हसून बोलत होतो त्याने तिला किती जागे ठेवले असेल, हे मला त्या झोपेकडे पाहून कळले.

इंदू केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तिच्या हातात चहाचा ट्रे होता आणि कपांतल्या चहावर साय धरली होती. तिने तो आवाज न करता खाली ठेवला, पदराचे टोक तोंडावर दाबले आणि आक्काच्या पायांशी बसून तिचे तळवे चोळू लागली.

"शब्द मोडलास," रत्नाकर दबल्या आवाजात म्हणाला.

"हो."

त्याने पुढच्या वाक्याची वाट पाहिली. तो पायरीवर बसला. थोड्या वेळाने मीही त्याच्याशेजारी बसलो. त्याने माझे थोबाड फोडले नाही. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता आणि तो हलत होता.

मागे आक्का झोपेत काही बोलू लागली. आम्ही कान दिला. ती हजेरी घेत होती. कुठल्यातरी जुन्या चौथीची. "घवाळी... कांबळे, हरी... मुल्ला, जुबेदा..." प्रत्येक नावानंतर ती थांबे, बुडबुडे फुटत राहत, आणि मग जणू पलीकडून उत्तर ऐकू आल्यासारखी ती हलकेच "हं" म्हणे आणि पुढच्या नावाकडे वळे. एका नावापाशी ती दोनदा थांबली. मग म्हणाली, "येईल. वाटेत असेल." खाडीवर आता वारा नव्हता. भरती संपली होती आणि ओहोटी अजून लागली नव्हती; पाणी कोणत्या दिशेला जायचे हे विसरल्यासारखे उभे होते. आम्ही तिघे त्या हजेरीत आपापले नाव यायची वाट पाहत बसलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मी घड्याळाकडे पाहिले नाही, आणि माझ्या आयुष्यात असे क्वचितच झाले आहे.

बरोबर चारला टेंपोचा आवाज आला. इक्बाल चपला दूर काढून पायरीशी आला. आम्हां भावांना असे खांद्याला खांदा लावून बसलेले पाहून तो बिचकला, आणि पडवीत शिरू की नको अशा विचारात उभा राहिला.

"नंतर येऊ का?" त्याने हळूच विचारले.

"इक्बाल, पुढे ये," आक्का म्हणाली. ती जागी होती. केव्हापासून, कोण जाणे. इंदूने तिला आधार देऊन बसवले. तिने आधी रत्नाकरकडे पाहिले, मग माझ्याकडे; आणि ते पाहणे मध्यस्थाचे नव्हते. आम्ही लहान असताना शाळेत निघालो की भांग पाडून झाल्यावर ती हनुवटी धरून जसे एकवार बघे, तसे ते होते. मग तिने पदर सारखा केला, आणि पुन्हा ताठ झाली.

"काय ठरलं, बाई?" इक्बाल म्हणाला. "हेच ठेवायचं, की नवं आणू?"

"रत्नाकरचं म्हणणं मी आणखी तीन दिवस ऐकत बसले असते," आक्का म्हणाली. "पण ते पुराव्यात टिकत नाही. दिगू जिंकला. भाड्याने."